नाचता येईना, रशिया वाकडा

प्रति,
रा. रा. जनरल फ्रान्त्स हाल्डर साहेब,
माजी प्रमुख, जनरल स्टाफ, जर्मन लष्कर
(मुक्काम १९७२ पासून वर की खाली, ते टपाल खात्याने शोधून काढावे.)

सा. न. वि. वि.

पत्र बेलापूरहून लिहितो आहे. नवी मुंबईच्या नव्हे, नगर जिल्ह्यातल्या, प्रवरेकाठच्या बेलापूरहून. रेल्वेने यायचं ठरवलंत तर सांगून ठेवतो, की ज्या स्टेशनावर ‘बेलापूर’ अशी पाटी दिसेल ते गाव श्रीरामपूर असतं आणि आमचं गाव तिथून आणखी पुढे आहे. नुसत्या नकाशावर विसंबून कूच करणाऱ्याची आमच्याकडे अशी फजिती होते. तुम्हाला त्या फजितीचा अनुभव आहेच, तेव्हा जास्त सांगत नाही.

पत्रास कारण की, आमच्या टपरीवर दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘जर्मन हरलेच नाहीत हो, त्यांना थंडीनं मारलं.’ दुसरं, ‘हिटलरनं सेनापतींचं ऐकलं असतं तर आज जग वेगळं असतं.’ आणि तिसरं, ‘रशियन म्हणजे मुंग्या. एक मारला की दहा उभे.’ बोलणारा चहाचा घोट घेऊन असं काही बोलतो, जणू काल रात्री मॉस्कोच्या वेशीवरूनच परत आलाय. बिचाऱ्याला ठाऊक नसतं की ही तिन्ही वाक्यं उसनी आहेत आणि त्यांचे मूळ मालक तुम्ही आहात.

साहेब, तुमच्या या कामगिरीला मात्र आमचा मुजरा. युद्ध हरलात ते हरलात, पण हरण्याचा अहवाल स्वतःच लिहिण्याचं कंत्राट मिळवलंत. १९४६ पासून अमेरिकन लष्कराच्या इतिहास विभागाने तुमच्यासारख्या शेकडो माजी अधिकाऱ्यांना कागद, टेबल आणि मानधन देऊन बसवलं, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर संपादक म्हणून तुम्ही. कुणी काय आठवायचं आणि कुणाला काय आठवता कामा नये, हे तुमच्या नजरेखालून जायचं. १९४९ साली ‘हिटलर सेनापती म्हणून’ अशी पुस्तिका काढून सगळं खापर तुम्ही मेलेल्याच्या डोक्यावर फोडलंत. पंधरा वर्षं हा उद्योग चालला आणि १९६१ साली अमेरिकन लष्कराने तुम्हाला नागरी सेवेचं पदकही दिलं. आम्ही मराठी माणसं पानिपतावर अडीचशे वर्षं भांडतोय. भाऊ चुकले, मल्हारराव निघून गेले, बाजारबुणगे नडले, सगळं बोलून झालं. पण अब्दालीने आमच्यातल्या कुणाला पगारी ठेवून बखर लिहून घेतली नव्हती. ते भाग्य तुमचं.

आता मूळ प्रकरणाकडे येऊ. रशियावर चढाई करायची ही हिटलरची लहर आणि तुम्ही बापडे हुकमाचे ताबेदार, असं तुम्ही जगाला सांगितलंत. पण हिटलरने ३१ जुलै १९४० ला सेनापतींपुढे हा बेत मांडला, त्याच्या आधीच तुमच्या कचेरीत रशियावरच्या हल्ल्याची आखणी सुरू झाली होती. पुढे डिसेंबरात तुमचे उपप्रमुख पाउलुस यांनी नकाशावर लुटुपुटूची लढाई खेळून योजना तपासली. (हेच पाउलुस दोन वर्षांनी स्टालिनग्राडच्या एका दुकानाच्या तळघरातून हात वर करून बाहेर आले. काही लोकांना गृहपाठ प्रत्यक्षात करावा लागतो.) योजना अशी होती की नीपर आणि द्विना या नद्यांच्या अलीकडेच लाल सेनेचा फडशा पाडायचा, काही आठवड्यांत. आणि नाही पडला तर? या प्रश्नाचं उत्तर योजनेत नव्हतं. प्रश्नच नव्हता, तर उत्तर कुठून असणार?

तुमच्याच पुरवठा खात्याचा हिशेब होता की ट्रकांच्या भरवशावर सैन्याला सरहद्दीपासून सुमारे पाचशे किलोमीटरपर्यंत नीट पोसता येईल. मॉस्को होतं हजार किलोमीटरवर. उरलेले पाचशे किलोमीटर बहुधा उत्साहावर काटायचे होते. जगातलं सगळ्यात यांत्रिक सैन्य म्हणून ज्याची चित्रं आम्ही पाहतो, ते २२ जून १९४१ ला सहा लाखांवर घोडे घेऊन निघालं. मोटारगाड्याही होत्याच. पण निम्म्या युरोपातून गोळा केलेल्या, जवळजवळ दोन हजार वेगवेगळ्या प्रकारच्या. फ्रान्समधून उचललेल्या गाडीचा पिस्टन गेला तर सुटा भाग स्मोलेन्स्कच्या कुठल्या दुकानात मिळणार होता, ते तुम्हीच जाणा.

आणि रेल्वे! रशियाचे रूळ तुमच्या रुळांपेक्षा नऊ सेंटिमीटरनी रुंद. तुमची गाडी त्यावर चालायची नाही. एक रूळ उखडून आत सरकवायचा, नाहीतर सरहद्दीवर सगळा माल एका गाडीतून दुसरीत भरायचा. जनरल साहेब, हे कळायला युद्ध अकादमी लागत नाही. आमच्या इथून गाडीने मनमाडला गेलं असतं तरी भागलं असतं. निजामाच्या रेल्वेची मीटरगेज तिथे येऊन संपायची आणि आमची ब्रॉडगेज पुढे जायची. पोतं या डब्यातून उतरवून त्या डब्यात चढवताना किती वेळ जातो, किती माल फुटतो आणि किती पळतो, हे मनमाडच्या कुठल्याही हमालाने तुम्हाला बिडी ओढता ओढता सांगितलं असतं. तुम्ही तीस लाख माणसांचं पोट त्या नऊ सेंटिमीटरवर टांगलंत. पुढे थंडी पडल्यावर आणखी एक शोध लागला. जर्मन इंजिनांच्या पाण्याच्या नळ्या बाहेरून जात होत्या, त्या गोठून फुटल्या आणि रशियन आघाडीवरची बहुतेक इंजिनं बसली. रशियन इंजिनांच्या नळ्या आतून होत्या. तिकडे इंजिन बनवणाऱ्याला डिसेंबर महिना माहीत होता.

तुमची रोजनिशी मात्र बहुमोल आहे. गाबेल्सबर्गर लघुलिपीत लिहिलीत, म्हणजे सहज कुणाला वाचता येऊ नये. पण वाचली लोकांनी. ३ जुलै १९४१ ला तुम्ही लिहिता की रशियाविरुद्धची मोहीम दोन आठवड्यांत जिंकली, असं म्हणायला हरकत नाही. चला, पेढे वाटा. पुढे ११ ऑगस्टची नोंद. शत्रूच्या दोनशे डिव्हिजन असतील असं धरून चाललो होतो, आतापर्यंत तीनशे साठ मोजल्या. चाळीस दिवसांत मोहीम जिंकूनही झाली आणि शत्रू जवळजवळ दुप्पटही झाला. आमच्याकडे उसाच्या टनांचा अंदाज इतका चुकवणाऱ्या स्लिपबॉयला कारखान्याच्या फाटकातही उभं करत नाहीत. तुम्ही पुढे तेरा महिने जनरल स्टाफचे प्रमुख होतात.

आता थंडीबद्दल. १३ नोव्हेंबर १९४१ ला ओर्शा इथे तुम्ही स्वतःच्या गाडीने गेलात आणि आघाडीवरच्या तिन्ही सेनागटांच्या, सैन्यांच्या चीफ ऑफ स्टाफना बोलावलंत. त्यांच्याकडे उबदार कपडे नव्हते, पेट्रोल नव्हतं, कंपन्यांमध्ये निम्मी माणसंही उरली नव्हती. तुमच्याकडे नकाशा होता. त्यावर मॉस्कोच्याही पूर्वेला चारशे किलोमीटर असलेल्या गॉर्कीपर्यंतची उद्दिष्टं आखलेली. रणगाडा सेनापती गुडेरियानच्या चीफ ऑफ स्टाफने तोंडावर सुनावलं की साहेब, हा काही मे महिना नव्हे आणि आपण फ्रान्समध्ये लढत नाही. तिथे हिटलर नव्हता. ‘अजून एक धक्का, मॉस्को पडेलच’ म्हणणारे तिथे तुम्हीच होतात. नोव्हेंबर संपेपर्यंत तुमच्याच नोंदींप्रमाणे सात लाख चाळीस हजारांवर माणसं ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली होती, आणि त्यातली बहुतेक उन्हाळ्यात आणि पावसाळी चिखलात. हिवाळी कपडे तुम्ही मागवले होते ते फक्त काही भाग सैन्यापुरते, कारण हिवाळ्यात नुसता जिंकलेल्या मुलखाचा बंदोबस्त करायचा होता ना! जे थोडे मागवले तेही मागे रुळांवर अडकले, कारण दारूगोळा आधी की कोट आधी, हे ठरवायची वेळ आली होती. २० डिसेंबरला प्रचारमंत्री गोबेल्सने जर्मन जनतेला रेडिओवरून फरचे कोट द्यायची विनंती केली. म्हणजे रशियात डिसेंबरात थंडी पडते ही बातमी बर्लिनला डिसेंबरातच पोहोचली.

बरं, थंडीनेच हरलात हे घटकाभर मानू. मग कुर्स्कची लढाई जुलै १९४३ ची आहे, तिथे कसलं हिमवादळ होतं? आणि २२ जून १९४४ ला, तुमच्या हल्ल्याला बरोबर तीन वर्षं झाल्यावर, बेलारूसमध्ये ‘बाग्रातिओन’ मोहीम सुरू झाली. काही आठवड्यांत तुमचा मध्य सेनागट नकाशावरून पुसला गेला. स्टालिनग्राडपेक्षा मोठा पराभव, पण टपरीवर त्याचं नावही कुणाला माहीत नाही, कारण त्यात बर्फ नव्हतं आणि तुमच्या लोकांना त्याबद्दल फारसं लिहायचं नव्हतं. रशियन हल्ला दक्षिणेकडून होणार, अशी तुमच्या हेरखात्याची खात्री करून दिली होती ती रशियनांनीच. खोटे तळ, खोटी वाहतूक, रात्रीची खरी हालचाल. आणि तुमचे पूर्व आघाडीचे हेरप्रमुख गेलेन साहेब? स्टालिनग्राडचा वेढाही त्यांना आधी दिसला नव्हता आणि हाही नाही. युद्धानंतर त्यांनाच पश्चिम जर्मनीच्या गुप्तहेर संस्थेचं प्रमुख केलं. तुमच्याकडे नापासाला थेट मुख्याध्यापक करायची पद्धत दिसते. १९४४ च्याच १७ जुलैला तुमचे सुमारे ५७ हजार सैनिक मॉस्कोच्या रस्त्यांवरून कैदी म्हणून चालवत नेले आणि त्यांच्यामागून पाण्याच्या गाड्यांनी रस्ते धुवून काढले. मॉस्कोला पोहोचायचं होतं ना, पोहोचले.

हिटलरचं म्हणाल, तर तो शहाणा होता असं इथे कुणी म्हणत नाही. रेल्वेच्या बुकस्टॉलवर ‘माझा लढा’ विकत घेणारी पोरं सोडली तर. स्टालिनग्राडमध्ये अडकलेल्या सैन्याला विमानातून रसद पुरवू, असं हवाई दलाचा प्रमुख गोरिंग म्हणाला आणि हिटलरने ते खरं मानलं, हा त्याचा दोष पदरात घालाच. पण वेढा कसा पडला ते आठवा. शहराच्या दोन्ही बाजूंना रुमेनियन सैन्य उभं केलेलं, रणगाड्यांना भिडेल अशी तोफ त्यांच्याकडे जवळजवळ नाही. त्यांच्यामागे राखीव म्हणून २२ वी पांझर डिव्हिजन. पेट्रोल वाचवायला तिचे रणगाडे खड्ड्यांत उतरवून गवतात झाकून ठेवले होते. १९ नोव्हेंबर १९४२ ला रशियन तोफा धडाडल्या, हुकूम सुटला, रणगाडे सुरू करायला गेले तर निम्मे सुरूच होईनात. गवतात उंदीर शिरले होते आणि त्यांनी विजेच्या तारांवरचं आवरण कुरतडून खाल्लं होतं. हे दृश्य तुमच्या आठवणींच्या ग्रंथांत ठळक अक्षरांत असायला हवं होतं. आमच्याकडे कणगीत दाणे भरणारी आजीसुद्धा आधी उंदराचा विचार करते. खरं आहे, तोवर तुम्ही पदावर नव्हता, २४ सप्टेंबरला हिटलरने तुम्हाला घरी बसवलं होतं. पण व्होल्गापर्यंत लांबवलेली ती आघाडी काही दोन महिन्यांत उभी राहिली नव्हती.

मुंग्यांची गोष्ट राहिली. जून १९४१ मध्ये सरहद्दीवर तुमचं आणि तुमच्या मित्रांचं मनुष्यबळ समोरच्या लाल सेनेपेक्षा जास्त होतं, कमी नव्हे. आणि समोरचं सैन्य डोकं उडवलेलं. १९३७-३८ च्या धरपकडीत स्टालिनने आपल्याच पाचपैकी तीन मार्शलांचा बळी घेतला, हजारो अधिकारी तुरुंगात किंवा गोळीला. हल्ल्याच्या इशाऱ्यांकडे त्याने पाठ फिरवली. हल्ल्याच्या रात्रीपर्यंत रशियन धान्याच्या आणि तेलाच्या गाड्या तुमच्याकडे येत होत्या. इतक्या वाईट सेनापतीसमोर, इतक्या बेसावध क्षणी तुम्ही गेलात आणि तरी हरलात. का? कारण ती माणसं शिकत गेली. दीड हजारांवर कारखाने उखडून त्यांनी पूर्वेला, उरलकडे आणि त्याच्याही पलीकडे नेले आणि १९४२ साली चोवीस हजारांवर रणगाडे काढले. त्यांचा टी-३४ रणगाडा ओबडधोबड होता, पण हजारोंनी निघत होता. तुमचा टायगर देखणा. सगळे मिळून जेमतेम साडेतेराशे झाले. बाग्रातिओनमध्ये एक फळी फोडणारा रोकोसोव्स्की हा स्टालिनच्याच तुरुंगातून मार खाऊन बाहेर आलेला माणूस. मुंग्या असं करत नाहीत, साहेब.

इथे मस्करी थोडी बाजूला ठेवतो. कारण तुमच्या हरण्याचं सगळ्यात मोठं कारण तुमच्या पंधरा वर्षांच्या लिखाणात सापडत नाही. २ मे १९४१ च्या बर्लिनमधल्या बैठकीत ठरलं की सैन्याने रशियातच पोट भरायचं आणि त्यासाठी तिथले कोट्यवधी लोक उपाशी मेले तरी चालेल. पकडलेल्या राजकीय अधिकाऱ्यांना तिथेच गोळी घाला, हा ६ जूनचा आदेश. त्याचा मसुदा करण्यात तुमच्या कचेरीचा हात होता. सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक तुमच्या कैदेत आले, त्यातले ३३ लाखांच्या आसपास मेले, बरेचसे तारेच्या कुंपणाआड उघड्यावर, उपाशी. युक्रेनच्या काही गावांत सुरुवातीला तुमच्या सैनिकांपुढे भाकर-मीठ घेऊन लोक उभे राहिले होते. स्टालिनने १९३२-३३ च्या दुष्काळात त्यांची धान्याची कोठारं ओरबाडली होती, तेव्हा नवा धनी तरी बरा असेल, असं वाटलं असेल. वर्षभरात तुम्ही त्यांना पटवून दिलंत की शरण जाण्यापेक्षा लढून मरणं स्वस्त. लेनिनग्राड ८७२ दिवस वेढ्यात राहिलं आणि शरण आलं नाही. शरण येऊन तरी काय मिळणार होतं? सोव्हिएत संघाचे पावणेतीन कोटींच्या आसपास लोक या युद्धात मेले. तुमच्या लेखी ते मात्र हवामान.

तुम्हाला वाटेल, बेलापूरच्या माणसाला याचं काय पडलंय. पडलंय थोडं. १९३९ साली युद्ध पेटल्यावर ब्रिटिशांनी हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मनांना आमच्या नगरलाच कोंडलं होतं. ‘तिबेटमधली सात वर्षं’वाला हाइनरिख हारर त्यांतलाच. पुढे ऑगस्ट १९४२ पासून नगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद. तुमचा मध्य सेनागट १९४४ च्या उन्हाळ्यात मातीत जात होता, तेव्हा नेहरू त्या किल्ल्यात बसून ‘भारताचा शोध’ लिहीत होते. आजही नगरच्या रणगाडा संग्रहालयात तुमची ८८ मिलिमीटरची तोफ उभी आहे. सहलीची पोरं तिच्या नळीला लोंबकळून फोटो काढतात. आणि तुमच्याविरुद्ध लढणाऱ्या लाल सेनेला इराणमार्गे जी रसद गेली, तिच्या वाहतुकीसाठी रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्रसिंग चंद यांना सोव्हिएत सरकारने १९४४ साली ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ दिला. सुभेदार तमिळनाडूचे, पण आडनाव वाचून इकडचा माणूस कान टवकारणारच. हे दोघे पुरवठा खात्याचे, बरं का. ज्या खात्याकडे तुम्ही ढुंकून पाहिलं नाहीत, त्यात काम केल्याबद्दल.

आणखी एक नाव सांगून थांबतो. तुम्ही म्युनिकच्या युद्ध अकादमीत शिकलात. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची शाळा दीड दिवसाची. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या त्या माणसाने १९४३ साली ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला आणि गिरणगावात डफावर गायला. लढाई माणसं लढतात, आणि कुणासाठी लढतोय हे कळलेली माणसं वेगळी लढतात, एवढं त्याला हजारो मैलांवरून दिसलं. तुम्हाला दुर्बीण लावूनही दिसलं नाही. ऐकिवात आहे की १९३९ साली तुम्ही खिशात पिस्तूल घेऊन हिटलरच्या भेटीला जात होतात, त्याला उडवायचं म्हणून. पिस्तूल खिशातच राहिलं. पेन मात्र वेळेवर बाहेर आलं.

हे पत्र वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, की पुन्हा कुणी टपरीवर ‘थंडीनं मारलं’ म्हणाला, तर त्याला कुर्स्कचा महिना विचारा.

आणि साहेब, तुमच्या माहितीसाठी. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोत, परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात, एका पुतळ्याचं अनावरण झालं. पुतळा अण्णाभाऊ साठ्यांचा आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
बेलापूरचा एक वाचक